थोरात बाईंसाठी कैलास

इटलीतला तो कललेला मनोरा आम्ही एकदा सरळ करून दिला आहे.

बीड बायपासवर एका लॉन्सच्या मालकांना प्रवेशद्वाराशी जगातली आश्चर्यं उभी करून हवी होती. लग्नाची वऱ्हाडी मंडळी तिथं उभी राहून फोटो काढतील, हा हिशेब. आम्ही फायबरचा मनोरा केला, नीट मोजून मापून तिरपा बसवला. मालक आले, मान कलती करून बघत राहिले.

"भास्करराव, हे वाकडं झालंय."

"साहेब, ते मुळातच कललेलं आहे. लोक ते बघायलाच जगभरातून जातात."

"जगाचं जग बघंल. माझ्याकडं लग्नं लागत्यात. नवरीचा मामा इचारतो, मांडवाच्या दारातच वाकडं काहून? सरळ करा."

माझे भागीदार रफिकभाई निमूटपणे पाना घेऊन गेले. सगळे बोल्ट घट्ट करून खाली आले, हात पुसले आणि म्हणाले, "इत्ते बरसां में इटलीवालों से नै हुआ, अपन ने दो दिन में कर दिये."

आम्ही मॉडेलं करतो. पडेगावला पत्र्याची शेड आहे, तिथं. शहरात कुणी विचारलं आणि मी 'मॉडेलं' म्हणालो की लोकांना बिल्डरच्या ऑफिसातली काचेच्या पेटीतली इमारत आठवते. तीही करतो, पोट त्याच्यावरच चालतं. पण मन लागतं ते विज्ञान केंद्रं, संग्रहालयं आणि शाळांच्या कामात. पिरॅमिड, हॉलंडची पवनचक्की, चीनची भिंत, पेरूच्या डोंगरातलं दगडी शहर, हे सगळं आमच्या शेडमधून गेलं आहे. यातलं एकही ठिकाण मी पाहिलेलं नाही. माझ्याकडं पासपोर्टही नाही. मी सोयगावच्या शाळेत शिकलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. चित्रकलेच्या शिक्षकांनी ढकलून मला शहरातल्या कलेच्या कॉलेजात पाठवलं आणि वडिलांनी 'चित्रं काढून पोट भरतं का' हा प्रश्न मनातच ठेवला, या दोन उपकारांवर माझं सगळं उभं आहे. त्यामुळं मला कामाचा कंटाळा कधी आला नाही. जगातल्या कुठल्या तरी माणसानं कधी तरी डोकं लढवून केलेली वस्तू आपण पुन्हा हातानं करायची आणि करता करता त्याचं डोकं कसं चाललं असेल ते समजून घ्यायचं, एवढं काम. त्याचे पैसे मिळतात याचं मला अजून नवल वाटतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मोठी वस्तू लहान केली की झालं मॉडेल. तसं केलं तर ते बघवत नाही. खरी खिडकी प्रमाणात लहान केली तर सुईच्या नेढ्याएवढी होते. काय ठेवायचं, काय गाळायचं, काय थोडं वाढवायचं हे ठरवावं लागतं. शेजारी एक माणूस उभा करावा लागतो, म्हणजे बघणाऱ्याला उंचीचा अंदाज येतो. आणि वस्तू हलणारी असेल तर ती हललीच पाहिजे. पवनचक्कीचं वरचं डोकं वारा येईल तिकडं वळवता येतं, हे आम्हाला ती करताना कळलं. रफिकभाई तेव्हा दिवसभर ते डोकं फिरवत बसले होते. "अपने शहर की पाणचक्की पानी कू दूर डोंगर से अपने पास लायी, ये चक्की खुदीच हवा की तरफ मुँह करती. दोनो का दिमाग देखो," असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे.

एकदा एका विज्ञान केंद्रासाठी आम्ही चीनमधलं भूकंप ओळखणारं जुनं भांडं केलं. मोठा रांजण, भोवती तोंडात गोळी धरलेले ड्रॅगन, खाली आ वासून बसलेले बेडूक. जमीन हलली की ज्या दिशेनं हादरा आला तिकडची गोळी बेडकाच्या तोंडात पडायची. आत नक्की काय यंत्र होतं ते आज कुणालाच पक्कं माहीत नाही. आम्ही लंबकाची एक जुळणी करून पाहिली. ती इतकी छान जमली की दौलताबाद रोडवरून उसाचा ट्रक गेला तरी ठण्‌कन गोळी पडायची. गिऱ्हाइकाचे साहेब तपासणीला आले, तेव्हा चहा होईपर्यंत सगळे बेडूक भरले. साहेब हसून म्हणाले, "यंत्र चांगलं आहे, तुमची जागा बदला."

आता ज्या कामासाठी लिहायला बसलो त्याकडं येतो.

शहरात अंध मुलांची एक शाळा आहे. तिथल्या थोरात बाईंचा एक दिवस फोन आला. बाई स्वतः जन्मापासून अंध आणि इतिहास शिकवणाऱ्या. एका देणगीतून शाळेत एक खोली करायची होती. मुलांनी आत यायचं आणि जगातल्या नवलाच्या जागा हातांनी बघायच्या. पिरॅमिड, भिंत, मनोरा, पवनचक्की आणि आपलं वेरूळचं कैलास लेणं.

"मनोरा कललेलाच द्या," बाई म्हणाल्या. माझी कीर्ती तिथपर्यंत पोचली होती.

हातांनी बघायच्या मॉडेलांचे नियम वेगळे. टोकदार काही नको. दोन्ही हात पसरून कवेत येईल त्याहून मोठं नको, नाही तर एक बाजू कळेपर्यंत दुसरी विसरते. रंगाचा उपयोग शून्य. आम्ही हे सगळं शिकून घेतलं आणि एकेक वस्तू नेऊन दिली. पिरॅमिड बाईंना क्षणात कळला. मनोऱ्यावर हात फिरवून त्या हसल्या, "पडतोय की हा!" पवनचक्कीचं डोकं त्यांनीही रफिकभाईंसारखं बराच वेळ फिरवलं.

शेवटी कैलास नेलं. यावर आम्ही सर्वांत जास्त मेहनत घेतली होती. लाकडी पाट, त्यावर जोतं, जोत्यावर हत्ती, वर मंडप, वर शिखर, समोर गोपुर, भोवती फोमचा कातळ. बघणारा म्हणाला असता, हुबेहूब. बाई हात फिरवत राहिल्या. वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या.

"देऊळ छान झालंय," त्या म्हणाल्या. "पण भास्करराव, हे तर बांधलेलं आहे."

मला कळेना.

"इथं जोड लागतोय. हा तुकडा तुम्ही वर ठेवलाय. हा इथं चिकटवलाय. भोवतीची भिंत नंतर आणून लावलीय. आमच्या गल्लीतलं देऊळ असंच बांधलं. मग डोंगरातून कोरलं म्हणतात ते कुठाय?"

मी म्हणालो, "बाई, ते तसं समजून घ्यायचं."

"समजूनच तर घेत आलेय."

मग त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी सांगितलं. बाईंचं माहेर वेरूळचंच. थोरला भाऊ रामदास, लेण्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याची चहाची टपरी. लहानपणी घरात रोज परदेशी पाहुण्यांच्या गोष्टी. अमुक देशाचा माणूस आला आणि तोंडात बोट घालून बघत राहिला. ही मुलगी विचारायची, पण तिथं आहे काय? कुणी म्हणायचं देऊळ आहे, कुणी म्हणायचं गुहा आहे, कुणी म्हणायचं डोंगर आहे. भावानं एकदा आत नेलं. एका हत्तीच्या पायाला हात लागला, मग एक भिंत लागली, मग वरून कबुतरं उडाल्याचा आवाज आला. तेवढंच. पुढं शिकून त्या शिक्षिका झाल्या आणि दर वर्षी मुलांना तो धडा शिकवू लागल्या.

"पुस्तकात आहे ते सांगते. वरून खाली कोरलं, एकाच दगडात. मुलं लिहून घेतात, पेपरात मार्क मिळतात. पण वरून खाली देऊळ कसं होतं, हे मला कळलेलं नाही. घरं खालून वर जातात. या उन्हाळ्यात मी रिटायर होतेय. जगभरची माणसं माझ्या गावात काय बघायला येतात, ते जायच्या आत एकदा मला कळू द्या. जमलं तर बघा."

परतताना रफिकभाई गाडी चालवत होते. सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाले, "बाई सही बोल रहे. अपन ने कैलास का फोटू बनाया."

चूक आमच्या धंद्याच्या सवयीत होती. मॉडेलवाला आयुष्यभर जोडत जातो. खालून वर जातो, तुकड्याला तुकडा लावतो, चुकलं तर काढून दुसरा लावतो. इतकी वर्षं मी या कलेचा अभिमान बाळगला होता. आणि आमच्याच जिल्ह्यातली सर्वांत मोठी वस्तू नेमकी उलट्या रीतीनं झाली होती. लहानपणापासून ऐकत असूनही ते माझ्या हातांपर्यंत पोचलं नव्हतं.

शहागंजच्या एका व्यापाऱ्याच्या ओळखीनं राजस्थानातून मऊ दगडाचा एक मोठा ठोकळा मागवला. सोपस्टोन म्हणतात तो, पटाशीनंही कोरता येतो. चेन-पुली लावून चार माणसांनी तो टेम्पोतून उतरवला. रफिकभाई त्याच्याभोवती फिरले.

"ऊपर से काटेंगे?"

"वरूनच."

"अंदर का काम कैसा करेंगे? खंबे, हाथी?"

"जसं त्यांनी केलं तसं."

"उनो कैसा किये मालूम है तुमकू?"

"नाय ना," मी म्हणालो. "तेच तर बघायचंय."

मी बाईंना कळवलं की रविवारी येऊन हात लावून जात जा. पहिल्या रविवारी त्या रिक्षानं आल्या, तेव्हा ठोकळा नुसता ठोकळा होता. वरची बाजू थोडी उताराची केली होती. बाईंनी तळवे पसरून ठेवले.

"हा डोंगर."

"हो."

"यावर गवत असेल. गुरं चरत असतील."

"असतील."

"आणि कुणी तरी इथं उभं राहून म्हणालं असेल, की इथं आत देऊळ आहे." त्यांनी दगडावर हलकीच थाप मारली. "आणि बाकीचे हसले असतील."

"मेरे जैसे," रफिकभाई मागून म्हणाले.

पुढच्या खेपेपर्यंत आम्ही तीन खोल चर पाडले होते, मागं एक आणि दोन बाजूंना दोन. बाईंनी चरात बोटं घातली, मग मनगट गेलं, मग हात कोपरापर्यंत आत उतरला. त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला.

"म्हणजे मधे हे राहिलं ते..."

"तो देवळाचा दगड. अजून देऊळ नाही."

"तिन्ही बाजूंनी सोडवला त्याला. डोंगरातच ठेवून डोंगरापासून सोडवला."

मला हे इतकं नेटकं कधी सांगता आलं नसतं.

मग काम अवघड होत गेलं. शिखर आधी. मग मंडपाच्या छतावरचं कमळ आणि त्यावरचे सिंह. एकेक थर खाली उतरायचं. वर जे केलं ते कायमचं. शिखर जरा बारीक झालं असं खाली आल्यावर वाटलं तर उपाय नाही. म्हणून पटाशी लावण्याआधी अजून न दिसलेल्या हत्तींचाही विचार करावा लागे. मी तीन-तीनदा मापं घ्यायचो आणि मगच पटाशी लावायचो. माझ्यापुढं तर लहानसा दगड होता. त्या लोकांपुढं सह्याद्रीचा काळा कातळ होता, आणि एकट्यादुकट्याचं काम नव्हतं ते. वर काम करणाऱ्याला खालचं सगळं डोक्यात दिसत असलं पाहिजे. ज्यानं कळस कोरला त्यानं बहुधा हत्ती पाहिलेच नसतील. ज्यांनी हत्ती कोरले ते त्याचे मुलगे असतील की नातू, देव जाणे. तरीही सगळं एका हातानं केल्यासारखं बसतं. जगातली इतकी आश्चर्यं हातांखालून गेली, पण असा दम मी कुठं पाहिला नाही.

रफिकभाईंचा एक प्रश्न मात्र सुटत नव्हता. ते सुतार. कुठलंही उंच काम दिसलं की ते आधी विचारतात, परांची कुठं बांधली? एका दुपारी शिखराच्या अर्ध्यात ते अचानक पटाशी ठेवून उठले.

"भास्कर! परांची लगीच नै उनकू!"

"म्हंजे?"

"अरे, जो पत्थर अब्बी काटा नै, उसी पे खड़े रहे. वो काटे, नीचे उतरे. फिर उसी पे खड़े रहे. डोंगर खुद परांची था! काम खतम, परांची खतम." ते शेडभर फिरत होते. "क्या लोग होंगे, यार. क्या लोग होंगे."

रविवारी बाई आल्या तेव्हा हे त्यांनीच बाईंना सांगितलं, अगदी बाईंचा हात धरून, कुठं पाय ठेवला असेल ते दाखवत. बाई दोन बोटं माणसाच्या पायांसारखी चालवत शिखरावरून थर उतरल्या. एकेका थरावर थांबल्या. त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही, पुन्हा पुन्हा वरून खाली चालत राहिल्या.

उन्हाळा जवळ आला होता. अंगणातले दोन मोठे हत्ती राहिले होते. डावीकडचा कोरताना माझी पटाशी सटकली आणि सोंड तुटून पडली. इतक्या महिन्यांच्या कामावर पाणी पडल्यासारखं झालं. मी अर्धा दिवस नुसता बसून होतो. चिकटवलं असतं तर डोळ्यांना कळलं नसतं, पण ज्यांच्यासाठी काम होतं त्यांच्या बोटांना पहिल्याच झटक्यात कळलं असतं. शेवटी मी फोन केला.

"बाई, हत्तीची सोंड गेली."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "कुठल्या? अंगणातल्या ना? अहो, लेण्यातल्या खऱ्या हत्तीलाही सोंड नाही! दादा लहानपणी मला म्हणायचा, तुझ्या हत्तीचं नाक कापलंय. राहू द्या तसाच. पण एक सांगा, त्यांचं काही तुटलं तर ते काय करत?"

मी म्हणालो, "काय करणार, डोंगर दुसरा आणता येत नाही."

"मग घाबरत नसतील?"

"घाबरत असतील, बाई. मी घाबरलोय."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "मला हेही कळायला हवं होतं."

शाळा सुटायच्या आठवड्यात आम्ही कैलास शाळेत नेलं. बाईंनी वेरूळहून भावाला बोलावलं होतं. रामदासदादा पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल, आल्या आल्या मॉडेलभोवती फेरी मारून म्हणाले, "वा! अगदी तसंच हाय. म्या रोज बघतो."

"दादा, तू गप बस जरा," बाई म्हणाल्या.

त्यांनी साडीचा पदर खोचला आणि सुरुवात डोंगरापासून केली. तळवे उतारावर. मग कड्याची धार. धारेवरून हात चरात सोडले. चराच्या तळाशी जाऊन देवळाच्या पायथ्याला लागले, हत्तींच्या पाठींवरून वर आले, मंडपाच्या छतावर कमळाशी थांबले, शिखरावर पोचले. तिथून पलीकडच्या चरात उतरून पुन्हा डोंगरावर. गोपुर आणि नंदीमंडपाच्या मधला छोटा पूल त्यांनी एका बोटानं ओलांडला. कुठंही जोड लागला नाही. मी मॉडेलच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. रफिकभाई भिंतीशी हात बांधून.

शेवटी बाईंचे दोन्ही हात देवळाच्या दोन बाजूंना, अंगणाच्या मोकळ्या जागेत, राहिले. बोटं हवेत होती.

"भास्करराव," त्या म्हणाल्या, "इथं पण डोंगरच होता."

"हो."

"ही सगळी जागा भरलेली होती."

"हो, बाई."

"मग तो दगड गेला कुठं?"

मी रफिकभाईंकडं पाहिलं. रफिकभाईंनी रामदासदादांकडं.

"दादा, एवढा दगड निघाला असंल. कुठाय तो?" बाईंनी भावाला विचारलं. "तू रोज तिथं असतोस."

रामदासदादांनी डोक्यावरचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला. "नाय गं माहीत. लई लोकं येत्यात, फिरंगी येत्यात, कॅमेरेवाले येत्यात. किती खांब, किती हत्ती, कुणी केलं, समदं इचारत्यात. हे मला आजवर कुणीच इचारलं नाय."

"मीही विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं शिकवलं. जे माहीत नाही ते विचारायला आधी एवढं कळावं लागतं." आणि त्या इतक्या खूश होऊन हसल्या, की रामदासदादांनाही हसू फुटलं.

मी रफिकभाईंना खूण केली. आम्ही टेम्पो घेऊन पडेगावला परत गेलो. शेडच्या मागं आमच्या दगडाच्या कपच्या आणि भुकटी पोत्यांत भरून पडलेली होती. शेडचे मालक दर आठवड्याला म्हणायचे की ते उचला, आणि आमच्याकडून राहून गेलं होतं. पोती उचलताना रफिकभाई वाकले आणि कळवळले. "या अल्ला, मंदिर से तो ये भारी है."

शाळेच्या त्या खोलीत कैलासाशेजारी आम्ही पोती ठेवली. एकाचं तोंड उघडलं. बाईंनी आत दोन्ही हात घातले, मूठ भरून काढली, बोटांतून भुकटी सांडू दिली. मग एक मोठी कपची घेऊन ती मॉडेलच्या भिंतीला लावत सावकाश चालल्या.

"ही कुठली असेल हो?"

मीही ती चराच्या कडांशी लावून पाहिली. कुठंच बसली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंचा शेवटचा तास होता आणि त्यांनी मलाही बसायला सांगितलं. मुलं रांगेनं आत आली, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. त्यांना वाटलं होतं की आधी नव्या मॉडेलपाशी नेतील. बाईंनी त्यांना पोत्यांपाशी थांबवलं.

"हात घाला," त्या म्हणाल्या.

"बाई, ह्यात तर नुसते दगडाचे तुकडे आहेत," एक मुलगी म्हणाली.

"हो. पोटभर हाताळा. वजन बघा. झालं? आता या माझ्यामागं. हे कुठून काढलं ते दाखवते."